विम्याचं वर्ष

कोंडीबाला विमा ठाऊक होता तो मेंढरांचा. बँकेच्या कर्जातल्या मेंढरांच्या कानात बिल्ला ठोकलेला असायचा. मेंढरू मेलं की तो कान बिल्ल्यासकट कापून नेऊन दाखवायचा, मग साहेब लोकांची मर्जी असेल तेव्हा पैसे. त्यामुळं साताऱ्याच्या कंपनीत चिकटलेला त्याचा पोरगा अर्जुना सत्त्याण्णवच्या दसऱ्याला आटपाडीकडच्या वाडीवर आला आणि "आबा, माणसाच्या दवाखान्याचाबी इमा असतोय," म्हणाला, तेव्हा कोंडीबा बायकोकडं बघून खदाखदा हसला.

"मग हिच्या कानात बिल्ला कवा ठोकायचा?"

दगडाबाई हसली नाही. तिच्यात तेवढी ताकदच नव्हती. तीन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. आटपाडीच्या डॉक्टरनं पावसाळ्यात सांगितलं होतं, पिशवी काढावी लागेल, सांगलीला जा. आणि खोटं कशाला बोला, कोंडीबानं त्यासाठी दोन एडके विकायला काढले होते. गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. बाई सुटलीच होती म्हणायची, तेवढ्यात हा विमा आडवा आला.

विमा घेऊन आले खिलारे गुरुजी. पगार शाळेचा, विम्याची एजन्सी बायकोच्या नावावर, आणि पोरांना पाढे लिहायला बसवून गुरुजी लुनावरून गावोगाव. ओट्यावर बसून त्यांनी दगडाबाईच्या नावाचा फॉर्म भरला. 'आधीपासून काही आजार?' असा एक रकाना होता. गुरुजींनी मान वर न करता तिथं 'नाही' लिहिलं आणि तिचा अंगठा उठवून घेतला. ती समोरच बसली होती. बाईच्या आजाराचा कागद भरताना बाईला विचारावं लागतं, एवढं शिक्षण गुरुजींचं झालेलं नव्हतं.

अर्जुनानं हप्ता भरला. पावती हातात दिल्यावर गुरुजींनी नियम सांगितला. आधी सांगायला ते काय खुळे होते?

"पिशवीचं ऑपरेशन पहिल्या वर्षात बसत नाही. वर्ष भरू द्या. मग बिलं लावली की सगळा खर्च परत. फक्त डॉक्टरच्या कागदावर जुनं दुखणं आलं नाही पाहिजे. आलं, की एक पैसा मिळायचा नाही."

झालं. बिल्ल्यावरून हसणारा कोंडीबा एका घटकेत विम्याचा भक्त झाला. गिऱ्हाईक परत गेलं, एडके पुन्हा कळपात.

"फुकट हुतंय तर जनावर कशाला इकायचं?" तो म्हणाला. "आन् मेंढरावानी मरायबी लागत न्हाई."

"मला वरीसभर निघंल का पर?" दगडाबाईनं विचारलं.

"तीन निघाली, आन् एक न्हाई व्हय?"

"आये, वर्साचा तर सवाल हाय," अर्जुना म्हणाला. कंपनीत राहून पोराला हिशेब चांगला यायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो साताऱ्याला गेला.

दिवाळी झाली तशी मेंढरं घेऊन ते पश्चिमेकडं निघाले. दगडाबाई चालत होती. चिंध्या धुवायला ओढा सापडला तर ठीक, नाहीतर तशीच. रानात बसवायला मिळेल तिथं मेंढरं बसवायची, पाल ठोकायचं, भाकरी थापायच्या, पहाटे पुन्हा उठायचं. कराडच्या अलीकडं एका मळ्यात ती चक्कर येऊन पडली. मळ्यातली धोंडुबाई नावाची म्हातारी गूळपाणी घेऊन धावत आली आणि "आवं, हिला दवाखान्यात न्या की," असं कोंडीबाला म्हणाली.

"अजून नऊ म्हैनं हायती," कोंडीबा म्हणाला.

म्हातारीला वाटलं, बाई पोटुशी आहे. तिनं आणखी गूळ दिला.

त्याच आठवड्यात एका एडक्याच्या खुरात किडे झाले. कोंडीबानं दुपारपर्यंत जनावरांचा डॉक्टर आणून उभा केला. एडक्याला वर्ष भरायचं नव्हतं.

दगडाबाईला राग आला तो तेव्हा. नवऱ्याचा यायचा तेवढा पूर्वीच येऊन गेला होता. आता तिला स्वतःचा राग आला, गप्प बसल्याचा.

वर्ष भरलं. तिसऱ्या दिवशी कोंडीबा तिला घेऊन सांगलीच्या गाडीत बसला, आणि वाटेत पढवत राहिला. कवापासनं इचारलं तर काय सांगायचं? दोन म्हैनं. फिरून सांग. दोन म्हैनं. अर्जुना परस्पर दवाखान्यात आला होता, विम्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

डॉक्टरबाईंनी दगडाबाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, अंगात रक्त कुठं आहे? आजच दाखल व्हायचं. आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन. घरी न्यायचं नाव काढू नका. कधीपासून चाललंय हे?"

"दोन म्हैनं," दारातून कोंडीबा म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं." बाईंनी स्टूल पुढं ओढलं, दगडाबाईच्या समोर बसल्या आणि पुन्हा विचारलं, "कधीपासून, मावशी?"

एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी नाही, नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरानं नाही. खरं सांगितलं की काय होणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. अर्जुनाच्या हातातली पिशवी चुरचुर वाजली. "आये," तो हळूच म्हणाला.

"चार वर्सं," दगडाबाई म्हणाली.

कोंडीबानं कपाळाला हात लावला. डॉक्टरबाई लिहीत होत्या. दगडाबाईला वाचता येत नव्हतं, पण पेन सरकताना तिला दिसत होतं, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

"चार वर्षं?" बाईंनी मान वर केली. "मग मागच्याच वर्षी का नाही आलात?"

"इमा काढला हुता न्हवं," दगडाबाई म्हणाली. "तेबी लिव्हा."