वॉशिंग फ्री

आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला टाकणं म्हणजे धुवायला टाकणं. आत काय केलं, कोणते बोल्ट कसले, याची चौकशी कुणी करत नाही. गिऱ्हाईक लांबूनच बघतं, आणि रिम चमकली की खूश होऊन किल्ली घेतं. जीवन मेश्रामला हे काही नवीन नव्हतं. भंडाऱ्यात बसस्टँडमागे बारा वर्षं त्याने लोकांच्या मोटारसायकली धुतल्या होत्या. त्यातूनच वर येऊन त्याने विजेवर चालणाऱ्या मालवाहू दुचाकींची एजन्सी घेतली. मागे क्विंटलभर माल बसेल एवढी पेटी, आणि सीटखाली गाडीचा सगळा मेंदू असलेला एक काळा डबा, कंट्रोलर.

कंपनीने पुण्याला दोन दिवस ट्रेनिंग दिलं. या गाड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, पंपाने कधीही धुवायच्या नाहीत, असं तिथल्या मास्तराने तीनदा सांगितलं आणि जीवनने ते वहीत लिहूनही घेतलं. पहिले दोन महिने तो इमानदारीने पुसत राहिला. लोक नाकं मुरडायचे. "नुसती पुसून देल्ली? याले सर्व्हिसिंग मनतेत का जी?" दूधवाला भैयाजी तर भर दुकानात म्हणाला, "याच्यापरस माही म्हैस चकाचक रायते." सगळे हसले. जीवनला ते हसणं फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने अडगळीतला जुना प्रेशर पंप काढला, लिंबाच्या वासाचा शॅम्पू आणला आणि दारावर फलक लावला, 'प्रत्येक सर्व्हिसिंगवर वॉशिंग फ्री'. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

वर्षभर सगळं झकास चाललं. मग पोळा झाला आणि एकेक गाडी बंद पडू लागली. पहिली भैयाजीचीच. कंपनीला शिव्या घालत जीवनने कंट्रोलरचा डबा उघडला, तर आतून लिंबाचा वास आला. तो तसाच खाली बसला. डब्यात पाणी होतं, पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि ते पाणी आभाळाचं नव्हतं, त्याच्याच पंपाचं होतं. त्याने डबा झाकला, फलक उतरवला, पंपावर पोतं टाकलं आणि पंप बिघडला असं लोकांना सांगू लागला. खरं त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

चौथी बंद पडली ती सुंदरबाईची गाडी. सुंदरबाई पुलापलीकडच्या कारध्याची, मासोळ्या विकणारी. तीस वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन ती वैनगंगा ओलांडून भंडाऱ्यात यायची. शेवटी मानेचा मणका झिजला. यापुढे डोक्यावर ओझं घेतलं तर हातपाय लुळे पडतील, असं डॉक्टरने बजावलं. तेव्हा शाळेच्या मैदानावर जीवननेच तिला गाडी शिकवली होती. आता ती गाडी पंधरा दिवस दुकानात उभी होती, आणि पंधरा दिवस सुंदरबाईच्या डोक्यावर पुन्हा टोपलं होतं. जीवनने तिला एकदा बाजारात पाहिलं. मान एका अंगाला कलती धरून ती चालली होती. तो दुसऱ्या गल्लीने निघून गेला.

बुधवारी नागपूरहून कंपनीचा इंजिनियर अतुल आला. सुंदरबाई सकाळपासून दुकानाच्या पायरीवर बसली होती, शेजारी रिकामं टोपलं. नियम सरळ होता. दोष कंपनीचा निघाला तर गिऱ्हाइकाला नवा डबा. चूक डीलरची निघाली तरी नवा डबा, पण डीलरची एजन्सी रद्द. आणि चूक गिऱ्हाइकाची निघाली तर वॉरंटी संपली. सुटा डबा कंपनी विकत नव्हती, आणि एका गाडीचा डबा दुसरीला चालत नव्हता.

अतुलने डबा उघडून उजेडात धरला. "पाणी गेलंय. पावसाचं एवढं आत जात नाही. प्रेशर मारलंय कोणीतरी." त्याने दुकानभर नजर फिरवली. पोत्याखालून पंपाचा पाइप बाहेर आला होता. "तुमच्याकडे पंप आहे ना, दादा?"

"बिघडून आहे," जीवन म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. शेजारच्या पानठेल्यावरचे लोकही आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं.

"पानी?" सुंदरबाई घाईघाईने उठली. "साहेब, पानी त मीच टाकतो. मासोळीचा वास रायते ना जी पेटीले. घरी गेलो का दोन गुंड पानी ओततो, मंगच जेवतो."

"दोन घागरींनी एवढं नाही जात, बाई," अतुल म्हणाला, आणि जीवनकडे बघत थांबला. "काय, दादा?"

पंप मी मारला. तीनच शब्द होते. जीवनच्या ओठांपर्यंत ते आलेही. पण त्यामागोमाग सगळं आलं. भैयाजी येईल, बाकीचे दोघे येतील, दुकानावरची पाटी उतरेल, आणि पुन्हा बसस्टँडमागे दुसऱ्यांच्या चाकांसमोर उकिडवं बसायचं.

"रोज ओततात म्हणजे," तो म्हणाला, "जात असंल थोडं थोडं."

अतुलने पोत्याखालच्या पाइपकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्याने फॉर्मवर लिहिलं, 'ग्राहकाचा निष्काळजीपणा'. सुंदरबाई बचत गटात सही शिकली होती. जीवनने दिलेल्या पेनने तिने एकेक अक्षर काढलं, आणि शेवटची 'ई' नीट झाली का ते डोळे बारीक करून पाहिलं.

अतुल गेल्यावर ती जवळ आली. "जीवनभाऊ, माफ करा जी. माह्यामुळं तुमाले साहेबाचं आयकावं लागलं. तुमी त किती जपली गाडी. मलेच अक्कल नाई."

जीवन मान खाली घालून उभा राहिला. जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला खरोखरच वाटलं.

"आता एक करा," ती म्हणाली. "घरी नेऊन छपरीत ठेवतो. एकडाव धुऊन द्या. तुमी धुतली का नवीच दिसते."

पंप बिघडला आहे, हे वाक्य त्याला तिच्या तोंडावर बोलता आलं नाही. त्याने पोतं काढलं. पंप पहिल्याच बटणाला सुरू झाला. त्याने पेटी धुतली, चाकं धुतली, सीटखालचा मेलेला डबाही धुतला. सगळीकडे लिंबाचा वास सुटला. सुंदरबाई कौतुकाने बघत होती.

"बिघडला मनत होते ना जी? मस्त चालून राहिला की."

जीवनने पेटी पुसून कोरडी केली आणि तिचं टोपलं उचलून आत ठेवू लागला. तिने त्याचा हात धरला.

"नोको, नोको. आताच त धुतली. वास लागंन तिले."

तिने टोपलं डोक्यावर घेतलं, मान कलती केली, आणि दोन्ही हातांनी ती चकचकीत गाडी ढकलत पुलाकडे निघाली.