मशीन लावून बोलायच्या गोष्टी

संजयनं दोन टॉवेल मशीनमध्ये टाकले आणि बटण दाबलं. ड्राय बाल्कनीत पाटावर बसून शर्मिला अपेक्षाच्या मोज्यांवरची लाल माती ब्रशनं घासत होती. तिनं मान वर केली.

"दोन टॉवेलांसाठी मशीन?"

"बोलायचंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनं दुसरा मोजा उलटा केला.

विश्रांतवाडीतल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये मुलीच्या माघारी काही बोलायचं तर जागा ही एवढीच. अपेक्षा तिसरीत असताना आजोबांचं दुखणं तिच्यापासून लपवायचं होतं, तेव्हापासूनची ही रीत. पुढे आजोबा गेले, अपेक्षा तेरा वर्षांची झाली, मशीनसुद्धा एकदा बदललं, रीत मात्र टिकली. शाळा कोणती, भंडाऱ्याला नात्यातल्या लग्नाला जायचं की नाही, सगळं इथेच ठरलेलं. एवढ्या वर्षांत इथला एक शब्दही बाहेर गेलेला नाही, याबद्दल दोघांना जराही शंका नव्हती.

"फॉर्म सोमवारी द्यायचाय," संजय म्हणाला.

फॉर्म आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. अपेक्षा चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर होती. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या बॅचमध्ये राहायचं तर आठवड्यातून पाच दिवस सराव, रविवारी सामना, दिवाळीत आणि मे महिन्यात बाहेरगावचे दौरे. खाली पालकांची सही. फॉर्मवर एवढंच होतं. पुढच्या वर्षी नववी आहे, हे छापायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"गेल्या महिन्यात साहेबांनी परत विचारलं," संजय म्हणाला. खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये तो एसीची देखभाल बघायचा. "शिफ्ट इनचार्ज होतोस का म्हणून. रविवारी ड्यूटी असते, म्हणून मी परत नाही म्हटलं."

"मला नाही सांगितलंत."

"सांगून काय करणार होतीस?"

मशीननं पाणी घ्यायचं थांबवलं आणि ते फिरू लागलं. शर्मिलानं आवाज चढवला.

"माझ्या खात्याच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा भरला. दोन्हीदा बसले नाही. अभ्यासाला रविवार तेवढा मिळतो, तो मैदानात जातो. माझ्यामागून लागलेल्या दोघी आता माझ्या वर आहेत. पाटबंधारे खात्यात मी काय रिटायर होईपर्यंत आवक-जावकच करू?" ती थांबली. पुढचं वाक्य तिनं आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. "मला ती परीक्षा द्यायचीये हो. खरंच द्यायचीये."

संजय मशीनवर हात ठेवून उभा राहिला. विहारातल्या रविवारच्या वंदनेला आपण तीन वर्षांत चारदा गेलो असू, असा काहीतरी हिशोब त्याच्या मनात चालला होता.

"पण खेळातून तिला मिळतं बरंच," तो म्हणाला. "आठव. पाहुणे आले की तुझ्या पदरामागे जायची. आता मागून ओरडून दहा जणींना जागेवर उभं करते. आणि गोल बसला तर रडत नाही. मी रडेन एक वेळ."

"ते मला दिसत नाही का?"

"दिसतं ना. म्हणून तर बोलतोय."

"तिला आवडतं म्हणून आपण तीन वर्षं धावलो. तिच्या जिवावर उठतोय असं समजू नका. पण नववी, दहावी, आणि मग? पुढे हीच वाट पकडेल असं तिचे कोच अभिनव सरसुद्धा छातीवर हात ठेवून सांगत नाहीत."

मशीन सुकवण्यावर आलं, तशी बाल्कनी थरथरू लागली आणि दोघं जवळजवळ ओरडू लागले. शेवटी ठरलं ते असं: फॉर्म कोराच परत द्यायचा. उद्या लीगचा शेवटचा सामना. तो होऊ द्यायचा, मग सांगायचं.

"कोण सांगणार?" शर्मिलानं विचारलं.

"तू."

"का? बूट तुम्ही घेऊन दिलेत."

"बरं, दोघं सांगू."

मशीन थांबलं. दोघंही एकदम गप्प झाले. बाल्कनीवर उघडणाऱ्या खिडकीच्या आत अपेक्षा भूमिती सोडवत बसली होती. तिनं कंपासपेटी बंद केल्याचा आवाज तेवढा आला.

रविवारी सकाळी जुन्या गाडीतून तिघं धायरीला निघाली. एरवी संजय अपेक्षाला स्कूटरवरून न्यायचा. आज शेवटचं म्हणून शर्मिलाही आली होती. तिनं उकडलेली अंडी, केळी, शेंगदाण्याची चिक्की असा डबा भरला होता, आणि तो एका पोरीला नाही, सगळ्या संघाला पुरला असता. वाटेत अपेक्षा खिडकीबाहेर बघत होती. पुलावर गाडी तुंबली तेव्हा तिनं मध्येच विचारलं, "मम्मी, तुमच्या ऑफिसच्या परीक्षा कधी असतात?"

"ऑक्टोबरमध्ये. का गं?"

"असंच."

मैदानाच्या जाळीवर पाटी होती: 'पालकांनी खेळाडूंना सूचना देऊ नयेत. त्यासाठी आम्ही पगार देऊन माणूस ठेवला आहे.' तो माणूस म्हणजे अभिनव सर, शिट्टी तोंडात धरून कोन मांडत होता. जाळीलगत निकिताचे वडील, दिग्विजयराव, घडीची खुर्ची टाकून बसले होते. निकिता राखीव गोलकीपर. अपेक्षाला वर्षभर साधी सर्दीसुद्धा झाली नाही, त्यामुळे निकिता वर्षभर बाकावर होती. संघाच्या जर्सी मात्र दिग्विजयरावांनी दिल्या होत्या.

पहिल्या अर्ध्या खेळात अपेक्षानं दोन चेंडू असे अडवले की संजयला पाटीचा विसर पडला. एकदा चार मुली अंगावर आल्या असताना ती पुढे झेपावली, मुठीनं चेंडू दूर घालवला, उठली आणि लगेच ओरडली, "तेजू, डावीकडे! झोपलीस का?" तो आवाज आपल्या घरात कधी ऐकू आला नाही, असं शर्मिलाला वाटलं. तिला अभिमान वाटला. डब्याचं झाकण ती उगाच लावत-काढत राहिली.

मध्यंतरानंतर संघ मैदानात उतरला तेव्हा गोलमध्ये निकिता उभी होती. अपेक्षा बाकावर, अंगात जाकीट घालून बसली होती.

"लागलंय का तिला?" शर्मिला उठली.

"काही लागलेलं नाही. धावत गेली बाकावर." संजयचा चेहरा लाल झाला होता. "जर्सी बोलतायत, दुसरं काय! एवढं अडवूनही बाहेर बसवलं पोरीला."

"अहो, बंद करायचं आपलंच ठरलंय ना?"

"ते आपण करायचं. त्यांनी नाही."

हे बोलल्यावर तोच जरा चपापला, पण राग काही कमी झाला नाही. अपेक्षा मात्र बाकावर ताठ बसली होती. हात मांड्यांखाली दाबलेले. चेंडू निकिताकडे गेला की तिचे खांदे पुढे व्हायचे, आणि ती ते मागे घ्यायची. एकदाही ओरडली नाही. निकितानं एक गोल खाल्ला, सामना बरोबरीत सुटला. गुणतक्त्यात त्यानं कुणाचंच काही बिघडलं नाही.

संजय जाळी ओलांडून थेट अभिनव सरकडे गेला, मागोमाग शर्मिलाही.

"सर, एक विचारू? तिला का काढलं?"

अभिनव सरनं शिट्टी गळ्यातून काढली. "मी नाही काढलं काका. मध्यंतरात तीच आली. म्हणाली, निकिताला वर्षभर चान्स नाही मिळाला, सेकंड हाफ मी बाहेर बसते. मी नको म्हणत होतो. तिनं हट्टच धरला." त्यानं शर्मिलाकडे बघितलं. "घरी काही झालंय का?"

"नाही, नाही," संजय म्हणाला.

परतताना पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. शर्मिलानं मागे वळून अंडं पुढे केलं, अपेक्षानं ते घेतलं आणि हातातच ठेवलं.

"बेटा, का बसलीस बाहेर?" शर्मिलानं विचारलं.

"बघायचं होतं."

"काय?"

अपेक्षानं अंड्याचं साल काढायला घेतलं. बारीक बारीक तुकडे करून ते मुठीत साठवू लागली. "दुसरं कुणी गोलमध्ये असताना मला बाहेर बसवतं का ते. सोमवारनंतर एकदम कळण्यापेक्षा आज बघून घेतलं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी संजयला गाडी पुढे घ्यायचं सुचेना.

"तुम्ही मशीन लावता ना," अपेक्षा म्हणाली, तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं, "तेव्हा तुम्ही दोघं खूप मोठ्यानं बोलता. नुसतं बोललात तर नाही ऐकू येत."

"कधीपासून?" शर्मिलानं मागे वळून विचारलं.

"आजोबांच्या वेळेपासून."

शर्मिलानं समोर बघितलं. तिसरीतली अपेक्षा रोज शाळेतून आली की आजोबांच्या खाटेवर बसून त्यांचे पाय दाबायची. पोरीला काहीच कळत नाही ते बरं, असं तेव्हा ती संजयला म्हणाली होती. मशीन लावूनच म्हणाली होती.

"जमेल मला, मम्मी," मागून आवाज आला. "पहिली पाच मिनिटं अवघड जातं. मग होतं. तू परीक्षा दे."

घरी आल्यावर अपेक्षा आंघोळ करून आपल्या खोलीत गेली. शर्मिलानं नेहमीप्रमाणे तिची पिशवी बाल्कनीत उपडी केली. जर्सी, मोजे, गुडघ्याचे पट्टे, रिकामी बाटली. तिनं बाजूचा कप्पा उघडला, पुन्हा उघडला. ग्लोव्हज नव्हते. मोठ्या हट्टानं घेतलेले, रात्री उशाशी ठेवले जाणारे, धुवायलासुद्धा आईच्या हाती न दिलेले ग्लोव्हज.

संजय दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फॉर्म होता.

"ग्लोव्हज नाहीत," शर्मिला म्हणाली.

"निकिताच्या हातात होते. पार्किंगमध्ये बघितले मी. मला वाटलं, तसलेच तिनंही घेतले."

ती पाटावर बसली. इतक्या शांतपणे पोरीनं आवराआवर केली होती, की तिला रडू आलं, आणि तिनं डोळे पदरानं पुसले नाहीत. संजयनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग जर्सी उचलून मशीनमध्ये टाकली, झाकण लावलं आणि सवयीनं बटणाकडे हात नेला.

शर्मिलानं उठून प्लग काढला.

बाल्कनी इतकी शांत होती की खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी ऐकू आली. संजयनं फॉर्म मशीनच्या झाकणावर ठेवला, सुरकुती पडलेला कोपरा बोटानं सरळ केला. सही होणार की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. ऑक्टोबर तिथेच होता, नववीही तिथेच होती.

शर्मिला खिडकीकडे वळली. आवाज न चढवता, जेवायला वाढलंय असं सांगावं तशी म्हणाली, "अपेक्षा, ऐकू येतंय का?"

आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"येतंय," खिडकीतून उत्तर आलं.

"मग ये इकडे. येताना पेन आण, आणि बसायला स्टूल."