दाढेच्या बदल्यात एक्सेल

त्या सकाळी उस्तादाचा गाल एवढा सुजला, की दाढी करताना त्याला आरशापासून दोन पावलं मागं सरकावं लागलं. जवळून बघितलं तर एका आरशात सगळा गाल मावेना.

उस्ताद म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. घर दोघांचं एकच. एका अंगाला त्याचं गॅरेज, दुसऱ्या अंगाला ताईचा दातांचा दवाखाना आणि मधे सामाईक अंगण. आसपासच्या निम्म्या लोकांचे दात ताईनं काढले होते. उरलेले निम्मे ती रस्त्यात दिसली की तोंड मिटून घेत. उस्ताद मात्र अंगानं दांडगा. इंजिन काखेत मारून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा आणि मधे थांबून कुणाशी तरी गप्पाही मारायचा, असं लोक सांगत. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. पण दवाखान्यातून लवंगेच्या तेलाचा वास आला की हाच माणूस श्वास रोखून, भिंतीला घासत, गॅरेजात पळायचा.

दाढ महिनाभर ठणकत होती. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या. आज सूज गालावरून खाली जबड्याच्या कडेला उतरली होती आणि अंगात ताप होता. ताईनं नुसता हात लावून पाहिला. असली सूज गळ्याकडे निघाली म्हणजे पुढं काय होतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायचं नव्हतं. माणसाला श्वास पुरत नाही. दाढ आजच निघायला हवी होती.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"आधी तुझी गाडी उघड," उस्ताद अर्ध्या ओठानं म्हणाला. "वर्षभर कुट-कुट करत हिंडतेयस. आण म्हटलं की म्हणे वेळ नाही. तेव्हा मी तुला उचलून आणलं का?"

हे मात्र खरं होतं. ताईची गाडी उजवीकडे वळली की पुढच्या चाकातून कुट-कुट-कुट असा आवाज यायचा, जणू कुणी आत बसून सुपारी फोडतंय. गाडी भावाकडे न्यायची म्हणजे त्याचं तासभर व्याख्यान ऐकायचं. त्यापेक्षा ताईनं उजवीकडे वळणंच सोडून दिलं. उजवीकडे जायचं असेल तर ती डावीकडे तीन वळणं घेऊन पोचायची. शिंपी बदलला, भाजीवाला बदलला, एक जुनी मैत्रीण केवळ उजव्या हाताला राहते म्हणून तुटली. वर्षभरात ताईची मानसुद्धा जराशी डावीकडे कलली होती.

"मी दुरुस्त केली तर?" ताई म्हणाली.

"तू?" उस्ताद हसला, पण हसू दाढेत गेलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक्सेल बदलायचा आहे, बाई. चमचा-वाटीचं काम नाही ते. तू बदललास ना, आज, उजेड आहे तोवर, एकटीनं, तर मी तुझ्या त्या खुर्चीत बसतो. बसतो काय, झोपतो! पण गाडी उजवीकडे वळवली आणि एकदा जरी कुट्ट झालं, तर माझ्या दाढेचं नाव काढायचं नाही."

"ऐकलं हं मी," दारातून वहिनी, म्हणजे उस्तादाची बायको, म्हणाली. "साक्षीदार आहे."

"तू कुणाच्या बाजूची?"

"झोपेच्या. रात्रभर कण्हता, आणि सकाळी विचारता डोळे का लाल?"

ताईनं पदर खोचला, वरून दवाखान्याचा पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले. उस्ताद गॅरेजातून नवा एक्सेल घेऊन आला. हातभर लांबीचा पोलादी दांडा, दोन्ही टोकांना सांधे, सांध्यांवर घडीघडीच्या रबरी टोप्या. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवायचा आणि चाक वळलं की आपणही मुरडायचं, हे त्याचं काम.

"उजवीकडे वळताना वाजतंय ना? मग उजवा," तो म्हणाला. चेहरा इतका भाबडा, की ताईला तिथंच शंका आली. तिचा सगळा जन्म चुकीच्या दातावर बोट ठेवणाऱ्या माणसांत गेला होता. ती सतरंजी टाकून गाडीच्या पुढच्या अंगाला आडवी झाली आणि विजेरी मारून तिनं दोन्ही बाजू तपासल्या. उजव्या टोपीवर चरासुद्धा नव्हता. डावी टोपी मात्र फाटून उलटी झाली होती आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं होतं. तिनं दांडा धरून हलवला. चांगला डुगडुगला.

"डावा आहे," ती म्हणाली.

"दोन्ही सारखेच असतात."

"मग डावा आण."

"हात्तिच्या," असं काहीतरी पुटपुटत उस्ताद परत गेला आणि डावा घेऊन आला. तो चांगला चारेक बोटं आखूड होता. वहिनीनं नवऱ्याकडे बघून नुसतं "वा!" म्हटलं.

ताईनं मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडी जॅकवर चढवली आणि डोकं आत घालणार तोच उस्ताद ओरडला, "स्टँड! पैज गेली उडत, आधी स्टँड लाव!" आणि स्वतःच स्टँड पायानं तिच्याकडे ढकलून पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. ताईनं स्टँड गाडीखाली लावला, म्हणजे जॅक सटकला तरी गाडी अंगावर यायची नाही.

चाकाच्या मधोमध मोठा नट असतो, तो आधी सोडवावा लागतो. ताईनं त्यावर पाना बसवून ओढला, तर नटाबरोबर चाकही गरगर फिरलं. पुन्हा ओढला, पुन्हा गरगर. उस्ताद आभाळाकडे बघत शीळ वाजवायचा प्रयत्न करत होता. सुजलेल्या ओठातून नुसती हवा येत होती.

ताई थांबली. दवाखान्यात पेशंट मान हलवायला लागला तर ती काय करते? डोकं खुर्चीला टेकवते. चाकाला टेकायला काय आहे? जमीन! तिनं स्टँड काढून गाडी पुन्हा खाली घेतली. चाक जमिनीवर घट्ट बसलं.

आता चाक फिरेना, पण नटही फिरेना. तिनं पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर उभी राहिली. ताईचं वजन म्हणाल तर वारा सुटला की वहिनी तिला घरात बोलावून घ्यायची. पाइप हललासुद्धा नाही.

"कमी पडतंय," उस्ताद म्हणाला. "राहू दे. अंधार पडेल."

ताई पाइपवरून उतरून दवाखान्यात गेली. फडताळात गेल्या कित्येक वर्षांचे प्लॅस्टरचे जबडे रचून ठेवलेले होते. कवळ्या करायला घेतलेले लोकांच्या दातांचे साचे. पोस्टमनचा जबडा होता, शाळेच्या हेडमास्तरांचा होता, दोन वकिलांचे होते. तिनं ते सगळे एका पोत्यात भरले, पोतं पाठीला बांधलं आणि वाकलेल्या कमरेनं येऊन पाइपवर चढली.

"ताई, पडाल हो!" वहिनी म्हणाली.

"पडले तर एवढे दात आहेत पाठीशी," ताई म्हणाली आणि दणकन उडी मारली.

कडाड्! नट असा सुटला, की समोरच्या घराच्या खिडक्या वाजल्या, आणि शेजारच्या म्हातारबुवांचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं, असं ते पुढं कितीतरी दिवस सांगत होते. हेडमास्तरांच्या जबड्याचा एक टवका उडाला, एवढंच नुकसान.

मग गाडी पुन्हा वर, पुन्हा स्टँड, चाक बाहेर. चाक ज्याच्यावर बसतं तो हब खालच्या बाजूला एका बोल्टनं धरलेला होता आणि तो गंजून एकजीव झाला होता. ताईनं त्यावर गंज सोडवायचं तेल फवारलं आणि खुशाल बाजूला बसून राहिली.

"थांबलीस का?"

"भूल चढू दे."

चढली. बोल्ट निघाला, हब बाजूला झाला, लाकडी हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी दांड्याचं बाहेरचं टोक सुटलं. आता राहिलं आतलं टोक, गिअरबॉक्समध्ये रुतलेलं. ताईनं दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय रेटला आणि ओढला. येईना. उन्हं भिंतीवरून उतरायला लागली होती. तिनं मागं वळून भावाकडे बघितलं. सूज हनुवटीच्या खाली पोचली होती आणि थुंकी गिळताना तो डोळे मिटत होता. ताईनं दातओठ खाऊन पुन्हा हिसका दिला, मग आणखी एक.

उस्ताद बघत होता. त्याला नुसतं गप्प बसायचं होतं. असाच हिसका तिनं आणखी दोनदा दिला असता, तर आतला सांधा टोपीतच निखळला असता, अर्धा दांडा हातात आणि अर्धा गिअरबॉक्सच्या पोटात, आणि त्यानं पैज तिथंच जिंकली असती. तो स्टुलाची कड धरून बसला. एक हिसका झाला. तो स्टुलावरून अर्धा उठला. बावीस वर्षांत त्याच्या अंगणात कुणी एक्सेल असा ओढला नव्हता.

"अगं, ओढू नको!" शेवटी तो ओरडलाच. "सांधा निखळेल! मुळाशी टामी घाल आणि उचक!"

ताईचे हात थांबले. आपण काय करून बसलो, हे उस्तादाला जरा वेळानं कळलं.

"उचकायचं?" ताई म्हणाली. "फटीत टोक घालून? हाडावर जोर न देता?"

"तेलाच्या सीलवर जोर न देता," तो मान खाली घालून म्हणाला.

"अरे, मग आधी बोलायचं नाही का! हे तर मी रोज करते."

तिनं खाली तबक ठेवलं, लोखंडी टामी फटीत सरकवली, कोन शोधला, मनगट जरासं फिरवलं. टच्च करून दांडा मोकळा झाला आणि अलगद तिच्या ओंजळीत आला. मागून गिअरचं तेल ठिबकलं, त्यावर तिनं सवयीनं कापूस दाबला. "चावून धरा," असंही म्हणाली, मग ओशाळून कापूस काढला आणि मोजून बाजूला ठेवला.

नवा दांडा तिनं तसाच अलगद आत सरकवला. आत टक् झालं. ओढून बघितला, हलला नाही. हब जागेवर, बोल्ट जागेवर, चाक जागेवर. गाडी जमिनीवर आल्यावर पोस्टमन, हेडमास्तर आणि वकिलांना पुन्हा पाठीवर घेऊन तिनं नट आवळला, त्याची कड ठोकून खाचेत दाबली आणि गिअरबॉक्सचं तेल भरलं. पांढरा कोट आता पांढरा म्हणण्यासारखा राहिला नव्हता.

"बस," तिनं भावाला सांगितलं.

उस्ताद शेजारी बसला, कान खिडकीबाहेर. मागं वहिनी बसली, कारण साक्षीदार. बाहेरच्या मोकळ्या पटांगणात ताईनं स्टिअरिंग उजवीकडे पुरतं फिरवलं आणि गाडी गोल सोडली. वर्षभर ज्या बाजूला गेली नव्हती त्या बाजूला गाडी अशी वळली, जशी लोण्यात सुरी.

"आणखी एकदा," उस्ताद म्हणाला.

आणखी एकदा झालं.

"जरा जोरात."

जोरात झालं. वहिनी म्हणाली, "अहो, मला उलटी होईल, पण चाक वाजायचं नाही."

दोनदा त्यानं तोंड उघडलं. वाजलं म्हणून खोटं सांगता आलं असतं. गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द कोण खोडणार? पण नवा एक्सेल घेऊन गाडी चांगली चाललेली असताना ती वाईट चालतेय, हे त्याच्या जिभेवर येईना.

"नाही वाजत," तो म्हणाला. आणि खिडकीची काच वर करून घेतली.

दवाखान्यात तो आपल्या पायांनी गेला. खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची कण्हली. "सांगून कर," एवढंच तो म्हणाला, आणि ताईनं सगळं सांगून केलं. हात घासघासून धुतले तरी नखांच्या कडेला ग्रीस राहिलं होतं. त्यावर तिनं नवे मोजे चढवले. भूल चढू दिली. हिसका दिला नाही. मनगट जरासं फिरलं, आणि दाढ, मुळाशी साठलेल्या घाणीसकट, तबकात पडली. उस्तादानं डोळे उघडून विचारलं, सुरुवात कधी करणार म्हणून. निदान त्याला तसं विचारायचं असावं, अर्धं तोंड बधिर आणि त्यात कापूस, त्यामुळं नुसतं "ऊं?" आलं.

ताईनं त्याच्या गळ्यावर बोटं फिरवली. श्वास मोकळा होता. औषध सुरू करून ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. तिचे हात आता खांद्याच्या वर जात नव्हते.

"तासभर तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "समजलं?"

"ऊं."

"छान. आता ऐक. लहानपणी बाबांची सायकल विहिरीत गेली होती, ती तू ढकललीस. मार मी खाल्ला."

"ऊं! ऊं ऊं!" उस्ताद दोन्ही हात हलवायला लागला.

"बोलू नको, कापूस निघेल. माझ्या लग्नाच्या दिवशी गाडी बंद पडली, ती पेट्रोल संपल्यामुळं. इंजिन गरम झालं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

उस्तादाचे डोळे मोठे झाले. अख्ख्या जन्मात ताईची सलग दोन वाक्यं त्यानं मधे न बोलता ऐकली नव्हती. आता तिसरं येत होतं, आणि चौथं तिच्या चेहऱ्यावर तयार दिसत होतं.

दारातून वहिनी आत आली, दुसरं स्टूल खुर्चीच्या त्या बाजूला ओढून बसली आणि पदर सावरून म्हणाली, "सावकाश होऊ दे, ताई. तुमचं झालं की माझंही थोडं आहे."