मेणबत्त्यांनी माना टाकल्या तेव्हा

मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. काचेची नळी, पाठीला लाकडी पट्टी आणि पोटात चिमूटभर पारा, एवढाच माझा संसार. माझी सगळी हयात एका मेणबत्त्या बनवणाऱ्या बाईंच्या खोलीत गेली.

त्या खोलीच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. बाईंच्या सासऱ्यांनी स्वतः माती तुडवून त्या उभ्या केल्या होत्या. बाहेर ऊन मी म्हणत असे, पण आत माझा पारा तिसाच्या आसपास निवांत बसे. दिवसभराचं ऊन त्या भिंती मुकाट्याने अंगावर घेत आणि ते आत झिरपेपर्यंत सूर्य मावळून जाई. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

मग एका पावसात पश्चिमेची भिंत ढासळली. गवंड्याने तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांची पातळ, सरळसोट भिंत बांधून दिली. दिसायला मोठी झोकदार! पण उन्हाळा आला आणि तिच्याजवळच्या फळीवरच्या उंच मेणबत्त्यांनी माना टाकल्या.

"ताई, दोष जुन्या मातीचा," गवंडी म्हणाला. "उरलेल्या तिन्ही पाडू. सोमवारी येतो."

खात्री करायला बाईंनी मला भरदुपारी बारा वाजता आधी नव्या भिंतीला टांगलं, मग जुन्या. दोन्हीकडे मी एकतीसच दाखवले. तेच खरं होतं.

"मग मेणबत्त्या वाकतात कशा? हाच मेला खोटारडा!" बाई चिडल्या आणि मी वातींच्या खणात जाऊन पडलो. मित्रांनो, आयुष्यात एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. त्यात माझ्या लाडक्या भिंती सोमवारी जाणार होत्या.

रविवारी संध्याकाळी सासऱ्यांनी सहज नव्या भिंतीला हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"सूनबाई, जरा इथे हात लावून बघ."

"अगंबाई! तव्यासारखी तापलीये की!"

"दुपारी ऊन डोक्यावर होतं. ते पश्चिमेला कलल्यावर बिचाऱ्या तापमापकाला कुणी विचारलं का?"

बाईंनी मला खणातून काढलं. नव्या भिंतीवर माझा पारा सरसर एक्केचाळीसवर गेला, जुन्या भिंतीवर पुन्हा एकतीसवर उतरला. बाईंनी पदराने माझी काच पुसली.

सोमवारी गवंड्याने कान पकडले. "चुकलंच, ताई. भिंत पातळ, त्यात मावळतीचं ऊन." घण बाजूला ठेवून तो सासऱ्यांच्या हाताखाली माती तुडवायला उतरला. पातळ भिंतीला आतून हातभर मातीची जोड मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात एकही मेणबत्ती वाकली नाही.

आता माझे आकडे पुसट झालेत. तरी बाई रोज संध्याकाळी मला वाचतात आणि दरवर्षी न चुकता भिंती लिंपतात. मित्रांनो, जुनी भिंत पाडायच्या आधी तिला मावळतीच्या वेळी एकदा हात लावून बघा. आणि कुणाला खोटं ठरवण्याआधी, आपण त्याला योग्य वेळी विचारलं होतं का, तेवढं आठवा.