उभ्या नळीतला लाल चेंडू

“गेला! वर गेला!”

शाळेच्या सभागृहात एकच गलका झाला. मंचावर प्राणगुरू हातभर लांबीची पारदर्शक नळी उभी धरून बसले होते. नळीच्या तळाशी एक तोटी होती. तोटीत फुंकायचं, अंगात प्राण असेल तर नळीतला हलका लाल चेंडू वर चढणार. श्वासाच्या या शिबिराच्या पहिल्या दिवशी कुणाचाही चेंडू जागचा हलला नव्हता. आज समारोपाला मात्र ज्याचा-त्याचा चेंडू टुणकन उडत होता, आणि फुंकणारा दम्याचा रोगी असला तर तो आपला औषधाचा पंप समोरच्या टोपलीत टाकून गुरूंच्या पाया पडत होता. टोपली भरत आली होती.

“श्वास म्हणजे प्राण, प्राण म्हणजे वीज, आणि वीज तुमच्या नाभीत आहे!” गुरू सांगत होते. “मग पंपाची कुबडी कशाला? कुबडी टाकल्याशिवाय पाय चालतील का?”

नाभीतली वीज पायांत कधी उतरली, हे कुणी विचारलं नाही.

रांगेत एक शिंपी होता आणि त्याच्यामागे त्याची बायको. ती याच शाळेत शिकवायची. घराबाहेर सगळे तिला बाईच म्हणत. नवऱ्याचा दमा जुना. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून त्यानं आपल्या पंपाला फुलाफुलांच्या कापडाचं झबलं शिवलं होतं. गेल्या थंडीत त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा याच पंपानं त्याला परत आणलं होतं. ते ओठ बाई विसरल्या नव्हत्या.

शिंप्यानं फुंकलं. चेंडू थेट टोकाला.

“बघितलंस का गं?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका हसरा चेहरा बाईंनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं पंप, झबल्यासकट, टोपलीत टाकला.

“या, बाई,” गुरू म्हणाले. “पहिल्या दिवशी काय अवस्था होती तुमची!”

अवस्था खरंच वाईट होती. दिवसभर वर्गात ओरडायचं, संध्याकाळी स्वयंपाक, वर परीक्षेच्या पेपरांचा ढीग. त्या दिवशी चेंडू हलला नाही तेव्हा गुरूंनी विचारलं होतं, “थकवा येतो ना?” बाईंना रडूच फुटलं होतं. थकवा येतो ना, असं गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. सगळं सभागृहच तसं होतं, दमलेल्या माणसांनी भरलेलं. आपल्यात प्राण उरला नाही, हे कुणाला पटवावं लागलंच नाही.

बाईंनी फुंकलं. चेंडू वर. टाळ्या!

क्षणभर त्यांनाही बरं वाटलं. मग शंकेची पाल चुकचुकली.

“गुरुजी, पण मी तर झोपले होते.”

“म्हणजे?”

“रोज. तुम्ही ‘डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या’ म्हणायचात आणि माझा डोळा लागायचा. मी एक दिवसही अभ्यास केलेला नाही.”

“खरंय,” रोज बाईंच्या शेजारच्या चटईवर असणाऱ्या आजी म्हणाल्या. “घोरायच्या हो! मला माझा श्वास ऐकू यायचा नाही.”

लोक हसले. गुरू त्याहून मोठ्यानं हसले. “शरीर झोपतं, बाई. प्राण जागाच असतो!”

पुन्हा टाळ्या. पण बाईंना आणखी एक आठवलं. पहिल्या दिवशी तोटी धरून फुंकताना त्यांच्या मनगटावर गार झुळूक लागली होती. पंखा असेल, असं वाटलं होतं. पंखा आजही चालू होता. झुळूक मात्र नव्हती.

“नळी जरा मी धरते.”

“भाजेल! माझ्या हातातला प्रवाह...”

“अगं, पुरे कर,” शिंपी कळवळून म्हणाला. “माझं बरं झालेलं बघवत नाही का तुला?”

हे बाईंना फार लागलं. मागे फिरावं, घरी जावं, झोपावं, असं वाटलं. पण टोपलीत फुलाफुलांचं कापड दिसत होतं. वर्गात पोरांच्या हातून चिठ्ठ्या काढून घेण्याची जन्माची सवय. त्यांनी गुरूंच्या मुठीतून नळी तशीच अलगद काढून घेतली.

फुंकलं. चेंडू ढिम्म. मनगटावर गार झुळूक.

त्यांनी नळी फिरवून पाहिली. गुरूंचा अंगठा टेकायचा तिथे, तोटीच्या जरा वर, हरभऱ्याएवढं भोक होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं नि फुंकलं. चेंडू टुणकन वर. बोट काढलं, चेंडू खाली.

“पहिल्या दिवशी अंगठा बाजूला,” बाई म्हणाल्या, “म्हणून आपली हवा इथून बाहेर जात होती. आज अंगठा भोकावर. आपण होतो तसेच आहोत. या, कुणीही फुंकून बघा.”

आजींनी आधी बोट ठेवून फुंकलं, मग न ठेवता. मग त्या गुरूंकडे बघत राहिल्या. गुरू “ही चाचणीची नळी आहे” असं काहीतरी पुटपुटत मागच्या दाराकडे सरकले. बाईंना टाळ्या मिळाल्या नाहीत. “चार दिवस बरं वाटत होतं, तेही घालवलंत,” कुणीतरी म्हणालं.

शिंपी खोकायला लागला. छाती घरघरू लागली, खांदे वर चढले. बाईंनी टोपली जमिनीवर उपडी केली, झबल्यातला पंप उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं आधी एक दाब घेतला, मग दुसरा. सगळं सभागृह त्याच्या श्वासाकडे कान लावून बसलं होतं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

“सावकाश श्वास घेतल्यानं बरं वाटतं, ते खोटं नाही,” बाई म्हणाल्या. आवाज दमलेला होता. “मला इतकी झोप कधी लागली नव्हती. श्वास जरूर शिका. पण दम्यात आतल्या नळ्या आवळतात, त्या औषधानं सुटतात. ते डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एवढंच म्हणा, जरा माझ्या हातात द्या. खरं असेल तर तो देईल.”

एकेक जण खाली वाकून आपापला पंप शोधू लागला.

पुढच्या रविवारी दुपारी शिंप्यानं बाईंसमोरचे पेपर बाजूला सारले आणि चटई अंथरली.

“चल. तुझं शिकायचं राहिलंय.”

“आणि तुमचा पंप?”

त्यानं तो दोघांच्या मध्ये ठेवला. झबलं काढून टाकलेलं होतं. “घे, सावकाश आत... आता हळूहळू बाहेर...”

चौथ्या श्वासाला बाई घोरू लागल्या. त्यानं त्यांना उठवलं नाही.