चवीचा घास

"ताटात ठिवू नका, बाई. समदं संपवा," आप्पाराव सर खुर्चीतून म्हणाले.

सत्यभामाने खिचडीचा आणखी एक घास घेतला. शाळेच्या ओट्यावर ती एकटीच जेवायला बसली होती. समोर मुख्याध्यापक आप्पाराव सर, स्वयंपाकखोलीच्या दारात तिच्यासोबत शाळेचं जेवण रांधणारी सुभद्राबाई. पोरं वर्गात, खिडकीच्या गजांना नाकं लावून. सत्यभामाचं ताट संपायचं, जरा वेळ जायचा, हिला काही होत नाही अशी खात्री पटायची, मग जेवणाची घंटा.

खरं तर पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा शाळेचा नियम. वर्षानुवर्षं सरच ती घेत आले होते, आणि चवीच्या नावाखाली ताटभर रिचवतही होते. पण दिवाळीनंतर सत्यभामाची झोप उडाली. पातेल्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांना धार लागायची. कशामुळे, ते तिलाही सांगता यायचं नाही. एक दिवस खिचडी करपून खोलीभर धूर झाला तरी ती जागची हलली नाही. सासूने अंगारा लावला. नवरा, बंकट, तिला अंबाजोगाईला डॉक्टरकडे घेऊन गेला. काही आठवडे तिथे राहून, गोळ्या सुरू करून ती परतली. झोप आली, भूक आली, कामाची ओढ आली. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा कामाला.

गावाने मात्र तिला येडी ठरवून टाकलं होतं. तिने पोरांच्या अन्नात काही कालवलं तर, असं पालक शाळेत येऊन बोलून गेले. सरांनी तोड काढली. रांधायचं तिने, आधी जेवायचंही तिनेच. आपण तिला काढून टाकलं नाही, याचं त्यांना फार कौतुक होतं. पहिलीतल्या एका पोरीला तर वाटायचं, मावशीचा मानच मोठा.

घास गिळता गिळता सत्यभामा थांबली. ताट सरकवून उठली, हात धुतला, दुसरं ताट वाढून सरांपुढे धरलं.

"तुमी घ्या चव."

"आज चतुर्थी हाय माझी."

"काल सोमवार व्हता. मागल्या हप्त्यात एकादशी. मी माघारी आल्यापून तुमचे उपास लई वाढले, सर."

दारात सुभद्राबाई पदर तोंडाला लावून खोकली.

"पोरांचा सवाल हाय, बाई. लोक मला इचारतेत."

"मग सांगा की त्यायला. तुमी बीपीची गोळी रोज माझ्याच हातच्या पाण्यासंगं घेता. मी बी गोळीच खाते. तुमाला कुणी ताटावर बसवून बघत बसतंय का?" ताट तिने तसंच पुढे धरून ठेवलं. "उद्यापून मी आदी जेवणार न्हाई. चालत नसंल तर आजच सांगा."

बोलून गेली खरी, पण तिला सकाळी अंथरुणातून उठायला हे काम गोळीइतकंच लागत होतं. सर ताटाकडे बघत राहिले. हात काही पुढे आला नाही.

सुभद्राबाई ओट्यावर आली. सत्यभामा परतल्यापासून तीही घरून भाकरी बांधून आणत होती. खिचडी बाधते म्हणायची. तिने सत्यभामाच्या हातातलं ताट घेतलं, मांडी घातली आणि जेवू लागली. सावकाश, चावून चावून.

"तिखट कमी हाय," ती म्हणाली.

"बारकी लेकरं हायेत, आक्का."

"तरी बी. फोडणीत मिरची आदी टाकत जा म्हनलं न्हवं तुला?"

 सत्यभामाच्या स्वयंपाकाला कितीतरी दिवसांत कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"घंटा द्या, सर," मान वर न करता सुभद्राबाई म्हणाली. "गार व्हायलंय."

सरांनी सवयीने घड्याळ पाहिलं. मग उठून घंटा दिली. उद्याचं मात्र ते काही बोलले नाहीत.

पोरं धावत आली, पंगती बसल्या. पातेलं रितं होईपर्यंत सत्यभामा वाढत राहिली. सगळे उठून गेल्यावर ती पातेल्याशी उकिडवी बसली, उलथन्याने तळाची खरवड काढली आणि रांधणाऱ्या बाया जेवतात तशी, सगळ्यांच्या शेवटी जेवली.