लूनावरची जुडी

मंजुषाची लूना पळायची तेव्हा स्वस्त पडायची. उभी राहिली की महाग. दोन हजार तीन साली मेन रोडला 'पे अँड पार्क' सुरू झालं. दर दोन तासांना दोन रुपये. मंजुषा साड्यांच्या दुकानात दिवसाचे दहा तास उभी असायची आणि बाहेर तिची लूनाही दहा तास उभी असायची. फरक एवढाच, की उभं राहायचे मंजुषाला पैसे मिळायचे आणि लूनाला भरावे लागायचे.

चौदाशेच्या पगारातले अडीचशे असे उभ्याउभ्या जायला लागले, तसा नवरा म्हणाला, "विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक आणतो."

लूना गेली म्हणजे मखमलाबादहून बस. बस म्हणजे उशीर. आणि दहा मिनिटं उशीर झाला की शेठ अर्धा दिवस कापायचे.

तोडगा सासूनं काढला. नवसाबाई त्याच रस्त्यावर, साड्यांच्या दुकानासमोरच, रोज भाजी घेऊन बसायच्या.

"मी येवढी बाई, चार पाट्या मांडून दिवसभर बसते, तर तीन रुपयांची बाजार फी," त्या म्हणाल्या. "अन् तुझ्या त्या हडकुळ्या लूनाला दहा? तिला पण भाजीला बसव."

"लूनाला?"

"सीटवर कोथिंबिरीची एक जुडी ठेव. झालं दुकान."

दुसऱ्या दिवशी नवसाबाईंच्या पाट्यांशेजारी लूना, सीटवर गोणपाट, गोणपाटावर जुडी. बाजार फीवाले वाळूभाऊ आले, त्यांनी लूनाची तीन रुपयांची पावती फाडली आणि "माल कमी दिसतो," एवढंच म्हणून पुढे गेले. मागोमाग पार्किंगचा झुंबर आला, गळ्यात शिट्टी.

"मावशी, गाडीची पावती."

"कुठली गाडी? ते दुकान हाय."

झुंबरनं वाकून पाहिलं. "दुकानाला ब्रेक?"

"मग काय, उताराला दुकान पळून जाऊ दे का?"

"नंबरप्लेट हाय."

"त्या साडीवाल्याच्या दुकानाला नंबर नाय व्हय? जा, बघून ये."

झुंबर खरंच बघून आला. नंबर होता. मग तो ठेकेदाराला विचारून आला. निकाल असा लागला : माल आहे तोवर दुकान, माल संपला की गाडी.

म्हणजे आता सगळं त्या जुडीवर आलं. जुडी विकली जाता कामा नये. मंजुषानं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर भाव लिहिला : पंचवीस रुपये. खाली पाटीत तीच कोथिंबीर दोन रुपयांना होती. आता कोण घेतंय, म्हणून ती निवांत कामाला गेली.

अकरापर्यंत बायका हसून पुढे गेल्या. बारा वाजता एक थांबली.

"ही पंचवीस आणि खालची दोन? असं का हो?"

नवसाबाईंना खोटं बोलता येत नसे. "ती लूनावरची हाय."

बाईंनी जुडी नाकाशी नेली. "वासच वेगळा आहे!"

वेगळा होता. पेट्रोलचा होता.

"घ्या पंचवीस."

"नाय द्यायची."

"तीस घ्या!"

"बाई, ती विकायला नाय!"

हे ऐकल्यावर तर बाईंनी पन्नासची नोट पाटीत टाकली आणि जुडी पिशवीत घालून गर्दीत शिरल्या. समोरून झुंबरची शिट्टी वाजली. "माल संपला! गाडी झाली!"

दुकानातून मंजुषा खांद्यावर गिऱ्हाइकाचा अर्धा उलगडलेला शालू घेऊनच धावली आणि पाटीतली जुडी उचलून तिनं सीटवर आदळली.

"मधली दोन मिनिटं गाडी होती," झुंबर म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

नवसाबाईंनी दोन रुपये दिले. पन्नासातनं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, लूनावरची कोथिंबीर ती हीच का?" पाच-सहा बायका होत्या. रांग लावून उभ्या होत्या.

मंजुषानं रांगेकडे पाहिलं, लूनाकडे पाहिलं, मग झुंबरला म्हणाली, "भाऊ, शिट्टी राहू द्या. दिवसभराची पावती एकदमच फाडा. दहाची."

संध्याकाळी नवऱ्यानं आठवण करून दिली, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. लूना पुसून ठेव."

"त्याला नको म्हणून सांगा," मंजुषा म्हणाली. "चालतं दुकान कोणी विकतं का?"